मंगळवारचं ‘नको’

“दारावर लाल पाटी असली, की आत माणूस मरून पडला असला तरी आपण दार वाजवायचं नाही.”

चौथ्या मजल्याची मावशी हे वाक्य प्रत्येक नव्या पोरीला पहिल्याच दिवशी ऐकवायची. पोरी हसायच्या. मावशीही हसायची, आणि हसता हसता हातातल्या चादरीला असा झटका द्यायची, की चादर एका दमात पलंगाचे चारही कोपरे गाठायची. पोरींचं तोंड उघडंच राहायचं. मग ती म्हणायची, “हे शिकायला दहा वर्षं लागतात. पाटीचं एका दिवसात शिकता येतं.”

हॉटेल समुद्राच्या अगदी तोंडावर होतं. सहा मजली, पांढरं, दुपारी तर डोळ्यांना खुपेल इतकं पांढरं. माणसं लांबून ऊन खायला यायची आणि ऊन लागलं म्हणून खोलीत पडदे ओढून पडायची. मावशी बावीस वर्षं तिथं खोल्या आवरत होती. मत्स्यालय, दीपगृह, काचेच्या तळाच्या होड्या, पाहुणे ज्यासाठी येत त्यातलं तिनं काहीच पाहिलेलं नव्हतं. शहर तिला कचऱ्याच्या डब्यातून कळायचं. फाटलेली तिकिटं, न्हाणीत साचलेली वाळू, टेबलावर विसरलेला आणि आता वास मारू लागलेला शिंपला. दीपगृहाचं तिकीट महागलं हे तिला डब्यातल्या तिकिटांवरून समजलं होतं.

रोजच्या चौदा खोल्या. ट्रॉलीच्या दांडीला एक कागद अडकवलेला असायचा आणि त्यावर खोलीच्या आकड्यापुढे तीन रकाने: ‘साफ’, ‘नको’, ‘पाटी’. खोली आवरली की ‘साफ’वर खूण. दार वाजवलं आणि पाहुणा नको म्हणाला, तर ‘नको’वर. पाहुण्यानं दाराबाहेर ‘त्रास देऊ नका’ची लाल पाटी अडकवली असली आणि म्हणून वाजवलंच नाही, तर ‘पाटी’वर. नियम असा होता, की एका खोलीला सलग दोन दिवस ‘पाटी’ लागली तर सुपरवायझरनं आत फोन करायचा. फोन उचलला नाही तर पहारेकऱ्याला घेऊन वर यायचं, दार उघडायचं, आणि बाईनं तेवढा वेळ शेजारी उभं राहायचं.

आता असं दार उघडलं, की आतला माणूस बहुतेक वेळा नुसता झोपलेला असायचा. मग त्याची आरडाओरड, तक्रार, माफी. वर बाईचा अर्धा तास वाया, आणि खोल्या तेवढ्याच. म्हणून कधीतरी, कुणी सुरू केलं ते कुणालाच आठवत नाही, बायकांनी ‘पाटी’च्या जागी ‘नको’वर खूण करायला सुरुवात केली. नको म्हटलं की विषय संपला. फोन नाही, जिना नाही, बोलणी नाहीत. सुपरवायझर तर सकाळी कागद वाटतानाच म्हणायचा, “पाटी जरा कमी लिहा गं बायांनो. तुमचे गुडघे गेलेत, माझे तरी राहू द्या.”

सगळ्या हसायच्या. मावशी जरा जास्तच हसायची, कारण सुपरवायझर तिचा जावई होता. बॅगा उचलायला म्हणून तिनंच त्याला चिकटवला होता. तो मजल्याचा सुपरवायझर झाला तेव्हा लेकीनं आईच्या गळ्यात हात टाकले होते.

आणि खरं सांगायचं तर लाल पाटी दिसली की बाईला बरंच वाटायचं. एक खोली कमी. ती पंचवीस मिनिटं कुणाचीच नसायची. मावशी तेवढ्या वेळात मागच्या जिन्यावर जाऊन बसायची आणि पालथ्या बादलीवर पाय सोडायची. पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. त्यांच्याकडे बघत ती काहीच करायची नाही. दिवसातलं तेवढंच तिचं स्वतःचं.

चारशे अकरामध्ये दर वर्षी एक आजी यायच्या. नऊ वर्षं, तोच महिना, तीच खोली, बारा दिवस. आधी नवऱ्याबरोबर यायच्या, मग एकट्या. त्या कुठं फिरायला जात नसत. खोलीच्या गॅलरीत कठड्याशी खुर्ची लावून समुद्राकडे बघत बसत आणि दुपारी लाल पाटी लावून झोपत. मावशी आत आली की म्हणायच्या, “बस गं पाच मिनिटं.” पाहुण्यांच्या खुर्चीत बसायला सक्त मनाई होती. मावशी बसायची.

“यांना मत्स्यालयाचं वेड होतं,” आजी नवऱ्याबद्दल सांगायच्या. “मला नाही आवडायचं बाई. मासे काचेला तोंड लावून काहीतरी सांगत असतात, आणि आपलं लक्ष त्यांच्या रंगाकडे.”

“मग जायचं नाही,” मावशी म्हणायची. “इथून दिसतो तेवढा समुद्र पुरे.”

“तू गेलीस का कधी?”

“मला कुणी नेलं तर जाईन.”

“आता मी कुठली नेणार. मलाच कुणीतरी न्यायला हवं.”

अशी बोलणी. यात काही विशेष नव्हतं. पण मावशी त्या बारा दिवसांत चारशे अकराला चार टॉवेल ठेवायची. इतर एकट्या पाहुण्यांना दोन. आजींना थंडी वाजायची, भर उन्हात वाजायची.

त्या वर्षी सोमवारी दुपारी मावशीनं खोली आवरली, टॉवेल बदलले, आणि ती बाहेर पडली तेव्हा आजींनी तिच्यामागे पाटी अडकवून दार लावलं. मंगळवारी सकाळी पाटी तिथंच होती. दोघी जणी रजेवर असल्यानं मावशीच्या वाट्याला त्या दिवशी सतरा खोल्या आल्या होत्या. लाल पाटी पाहून तिला हायसं वाटलं. तिनं ‘नको’वर खूण केली आणि मागच्या जिन्यावर जाऊन पाय सोडले. बुधवारी पाटी होतीच. क्षणभर ती दारापाशी थांबली. काही वर्षांमागे एकदा पाटी असताना तिनं वाजवलं होतं आणि आजी झोपेतून उठून आल्या होत्या, रागावल्या नव्हत्या पण हिरमुसल्या होत्या. ते आठवलं. खालून ट्रॉलीसाठी हाक आली. तिनं ‘नको’वर खूण केली आणि पुढच्या दाराकडे गेली.

गुरुवारी आजींची निघायची वेळ टळून गेली. मग फोन झाला, जावई आणि पहारेकरी वर आले, दार उघडलं. नियमाप्रमाणे मावशी मागे उभी होती. म्हणून तिला सगळं दिसलं.

आजी न्हाणीत पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. एक दिवस तरी, कदाचित जास्त, जीव होता, असंही म्हणाले. मावशीला ते डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. दांडीवरचे चारही टॉवेल खाली ओढलेले होते आणि अंगावर नीट पसरलेले होते. एक पायांवर, दोन पोटावर, एक गळ्यापर्यंत. चारही सोमवारचे, तिच्या हातच्या घडीच्या खुणा अजून त्यांवर होत्या. पडलेलं माणूस आपण मरतोय असं वाटून टॉवेल ओढत नाही. कुणीतरी येईपर्यंत थंडी वाजू नये म्हणून ओढतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. न्हाणी मात्र तिलाच धुवायला लावली.

त्यानंतर मजल्यावर ते पाटीचं वाक्य कुणी उच्चारलं नाही. नव्या पोरी तिला पाहून हातातल्या बादलीत बघायला लागायच्या. मावशीशी कुणी वाकडं वागलं नाही, आणि तेच तिला सोसेना.

शनिवारी संध्याकाळी जावई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. एरवी तो बाहेर टीव्हीसमोर बसायचा. लेक सातव्या महिन्यात होती, ओट्याला टेकून भाजी चिरत होती.

“आई,” तो म्हणाला, “सोमवारी आजींची मुलगी येतेय. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत तुम्हाला बोलावतील. घाबरायचं काही नाही.”

“मी कशाला घाबरू?”

“तसं नाही. त्यांनी कागद पाहिलाय. मंगळवारी ‘नको’, बुधवारी ‘नको’. म्हणजे आजी मंगळवारी तुमच्याशी बोलल्या. म्हणजे पडल्या त्या नंतर. तुम्ही एवढंच सांगायचं, की मी दार वाजवलं आणि आजी नको म्हणाल्या.”

“मी वाजवलं नाही.”

“ते मला माहीत आहे.”

“पाटी होती.”

“ते सगळ्यांनाच माहीत आहे, आई. प्रश्न तो नाही.”

“मग कोणता आहे?”

लेकीनं सुरी खाली ठेवली. “आई, तू सांगितलंस की वाजवलं नाही, तर साहेब विचारणार, मग ‘नको’ का लिहिलंस? तू म्हणणार, सगळ्याच लिहितात. साहेब विचारणार, कुणी सांगितलं लिहायला?” ती नवऱ्याकडे बघत नव्हती. “पुढचं तूच सांग.”

“मी कुणाचं नाव घेणार नाही.”

“तू नाही घेतलंस तर दुसरी घेईल. पोलीस विचारायला लागले की सगळ्यांना कंठ फुटतो.”

“आणि त्या मुलीचाही विचार करा,” जावई म्हणाला. “तिला काय ऐकायला आवडेल? आई मंगळवारी धडधाकट होती, की दोन दिवस फरशीवर पडून होती? यात कुणाचं वाईट होतंय, सांगा बरं मला.”

मावशीनं विचार केला. खरंच कुणाचंच होत नव्हतं. हॉटेल सुटत होतं, जावई सुटत होता, मुलगी सुटत होती, ती स्वतः सुटत होती. एक मेलेलं माणूस सोडलं तर सगळे त्या एका शब्दावर सुखात राहू शकत होते. तिनं बोटानं ओट्यावरचं पाणी पुसलं.

“जेवायला वाढ,” ती लेकीला म्हणाली.

जावयाचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्यानं स्वतः तिच्या पुढ्यातलं ताट उचललं.

मॅनेजरच्या खोलीत गारठा होता. आजींची मुलगी खिडकीकडे पाठ करून बसली होती. पन्नाशीची, प्रवासानं चुरगळलेली. नाक अगदी आजींचं. मावशीनं ते नाक पाहिलं आणि नजर टेबलावर आणली. टेबलावर मंगळवारचा आणि बुधवारचा कागद होता. जावई दाराजवळ हात मागे बांधून उभा होता.

“बसा मावशी,” मॅनेजर म्हणाला. “बावीस वर्षं आहेत आमच्याकडे,” हे मुलीकडे बघून. “घाबरू नका. झालं ते सांगा फक्त.”

मावशी उभीच राहिली.

“मंगळवारी तुम्ही आईशी बोललात?” मुलीनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. “त्या दिवशी सकाळी मी फोन केला होता. तिनं उचलला नाही. आमचं आदल्या आठवड्यात वाजलं होतं जरा, म्हणून मला वाटलं, रुसलीय. मी परत केलाच नाही. बुधवारीही नाही केला. म्हटलं, रुसू दे. ती तुमच्याशी बोलली असेल तर ती खरंच रुसली होती. मग ठीक आहे.”

मावशीनं वाक्य घरून पाठ करून आणलं होतं: मी दार वाजवलं, आजींनी दार किलकिलं केलं, म्हणाल्या, आज नको. पण आता ते बोलायचं म्हणजे दाराच्या फटीत आजींचा चेहरा आणायला हवा होता. तो आणू गेली तर गुरुवारचा आला. तिनं मनातल्या मनात ते दार झटकन लावून घेतलं.

“आतूनच बोलल्या,” ती म्हणाली. “दार नाही उघडलं.”

“काय म्हणाली?”

“आज नको, उद्या ये.”

“आवाज कसा होता?”

“नेहमीसारखा.”

“म्हणजे कुठून बोलली? पलंगावरून?”

“असेल.”

मुलीच्या खांद्यांतला ताण गेला. बाकावर ठेवलेली पिशवी घसरावी तशी ती खुर्चीत जराशी खाली सरकली आणि रडू लागली. मॅनेजरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. जावयानं खिशातून रुमाल काढून स्वतःचीच मान पुसली. मावशीला वाटलं, झालं. एवढंच होतं. दात काढताना दुखेल दुखेल म्हणतात आणि तो निघालेला असतो.

“मला तिथं नेता?” मुलगी डोळे पुसत म्हणाली.

“खोली आता...” मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. “संध्याकाळी पाहुणे येताहेत.”

“पाच मिनिटं. मी आत जाते, मावशी बाहेर उभ्या राहतील. त्या दिवशी वाजवलं तसं वाजवू देत. तिनं जिथून हाक दिली तिथून मी देते. बाकी काही नको मला.”

नाही म्हणायला काही कारण सापडेना. चौघंही पाहुण्यांच्या लिफ्टनं वर गेली. तिच्यात आरसा होता. मावशीनं त्यात चौघांना पाहिलं आणि त्यातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, हे कळायला तिला एक मजला लागला.

चारशे अकराच्या दाराशी मॅनेजरनं कार्ड लावलं. मुलगी आत गेली. दार आपोआप मागे आलं आणि उसासा टाकल्यासारखा आवाज करून बसलं. दोन वर्षांपूर्वी या मजल्याची सगळी दारं बदलली होती. बाहेर पोरं धावतात, झोप मोडते, अशा तक्रारी होत्या. नवी दारं जाड आणि जड, कडांना रबर. बाहेर वरात निघाली तरी आत कळायचं नाही, असं मॅनेजर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा. आत्ता त्यालाच ते आठवलं असावं. त्यानं जावयाकडे पाहिलं. जावई गालिच्याकडे बघत होता.

मावशीनं तीनदा वाजवलं.

लांब कुठंतरी कुणीतरी खोली झाडत होतं, त्या यंत्राची घरघर येत होती. डोक्यावरची थंड हवेची जाळी गुणगुणत होती. दारातून काही नाही. मावशीनं कान पुढे केला. तिला ऐकायचं होतं, अगदी मनापासून ऐकायचं होतं. एखादा हुंकार आला असता तरी तिनं तो उद्या ये म्हणून घेतला असता. ती पुन्हा वाजवू लागली, आणि वाजवता वाजवता तिच्या लक्षात आलं, की या दारावर हात ठेवायला ती सहा दिवस उशिरा आली आहे.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मुलगी दारात उभी होती, एक हात चौकटीवर.

“आलं ऐकू?”

“आलं ना,” मॅनेजर लगेच म्हणाला. “आज नको, उद्या ये. काय हो, आलं ना?”

“हो, स्पष्ट,” जावई म्हणाला.

मुलगी दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला ते वाक्य म्हणताच आलं नाही. आईचं होतं ना ते. मी न्हाणीत गेले आणि ‘कुणीतरी या’ म्हटलं. तीनदा म्हटलं. शेवटी ओरडलेच.”

यंत्राची घरघर थांबली.

“मावशी,” ती म्हणाली, “मंगळवारी तुम्ही हे दार वाजवलं होतंत का?”

“मावशी, विचार करून बोला,” मॅनेजर म्हणाला.

“आई,” जावई म्हणाला. कामावर तो तिला कधीच आई म्हणत नसे. आत्ता म्हणाला, आणि इतक्या हळू, की लहान मूल झोपेत म्हणतं तसं.

मावशीनं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नाकाकडे, ओल्या पापण्यांकडे. अजूनही हो म्हणता येत होतं. एकदा मान हलवली असती तर पुरे होतं, आणि ती मुलगी ते घेऊन घरी गेली असती, विश्वास ठेवून नव्हे पण घट्ट धरून. मावशीची मान हलली नाही. तिनं गळ्यातल्या पट्टीतून दारं उघडायचं कार्ड काढलं आणि जावयाच्या हातात ठेवलं. त्याची बोटं मिटली नाहीत, तेव्हा तिनं ती आपल्या हातानं मिटवली. मग ती वळली.

पाठीमागे मुलीनं काहीतरी विचारलं. मॅनेजरचा आवाज चढला, मग जावयाचा, मग दोघांचे एकदम. मागच्या जिन्याचं दार तिच्यामागे लागलं आणि ते सगळे आवाज कापल्यासारखे बंद झाले. चार मजले ती कठड्याला धरून उतरली. धुलाईच्या खोलीतून वाफ येत होती. आतल्या बाईनं ओल्या चादरींच्या ढिगावरून मान वर काढली. “आज लवकर सुटलात?” तिनं विचारलं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, दाराजवळच्या खुंटीवरची आपली पिशवी घेतली, आणि उन्हात बाहेर पडली.